पडद्यावर ओके

दानिश: सावळारामकाका, जगातल्या कुठल्याही संगणकावर माझं हे साधन खोटं बोलणार नाही. बिघडलं तर बिघडलं म्हणेल, आणि का बिघडलं तेही सांगेल.

सावळाराम: किती संगणकांवर चालवून बघितलंस?

दानिश: एका. माझ्याच.

सावळाराम: म्हंजे जग भोरातच संपलं.

दानिश: म्हणून तर नसरापूरला आलो. तुमच्या प्रेसमधला हा जुना मॅक संगणक वेगळ्या जातीचा. असा दुसरा अख्ख्या तालुक्यात नाही.

सावळाराम: त्याच्यावर लग्नपत्रिका निघत्यात, आनि आता सीझन हाय. आदी सांग, तुझं साधन करतं काय?

दानिश: लिनक्स ही संगणक चालवणारी फुकटची प्रणाली. तिचा एक गाभा असतो, कर्नल. प्रिंटर जोडला की त्याच्यासाठीचा प्रोग्रॅमचा तुकडा त्या गाभ्यात बसवावा लागतो. ते काम साधनाचं. जुनं साधन तुकडा बसला नाही तरी गप्प राहायचं.

सावळाराम: गप्प ऱ्हातंय ते बरं की.

दानिश: लिनक्स बनवणारी मंडळी जगभर पसरलीत. ती म्हणतात, दोन जातींच्या मशीनवर तपासून दाखव, मग घेतो. त्यांनी घेतलं तर सोमवारी पुण्यात नोकरीच्या मुलाखतीला दाखवायला काहीतरी असेल. जाहिरातीत लिनक्स येणाराच हवा, असं लिहिलंय. बीएस्सी झाल्यापासून अब्बांच्या दुकानात बसलोय, काका.

सावळाराम: अय्युबभाई परवा भेटले. म्हनले, पोरगं काळ्या पडद्याकडं बघत बसतंय, कुठं दाखवून आनू का?

दानिश: लिनक्स सीडीवरून चालवतो. तुमचं काही पुसलं जाणार नाही.

सावळाराम: चालव. पर एरर हा शब्द दिसता कामा नये. मागं एकदा दिसला, तर नवरीचा बाप म्हनला अपशकुन झाला, आनि काम घिऊन भोरला गेला. आज मार्गासनीचे हनुमंतराव बसल्यात, लेकीची पत्रिका घिऊन. त्यास्नी हितनं पडदा सरळ दिसतोय.

दानिश: एरर सांगायलाच तर ते लिहिलंय.

सावळाराम: मग दुसरीकडं मॅक शोध.

दानिश: बरं. साधनाच्या एवढ्या प्रतीपुरतं पडद्यावर ओकेच येऊ दे. खरी चूक आत फाईलमध्ये लिहून ठेवेल. ती नंतर बघतो.

सावळाराम: असं शानं हो.

दानिश: हे बघा, सुरू झालं. ओके. ओके. सगळ्या चाचण्या पास. शेजारच्या नेट कॅफेतून त्या मंडळींना मेल टाकून येतो, तोवर प्रिंटरमधून नमुन्याचं पान निघेल.

सावळाराम: आलास व्हय? ते पान काय निघालं न्हाई. प्रिंटर हलला बी न्हाई.

दानिश: पडद्यावर काय आहे?

सावळाराम: ओके.

दानिश: चाचणी पडद्यावरचे ओके मोजत होती.

सावळाराम: मग?

दानिश: मग एकही तुकडा बसलेला नाही. हा मॅक आकडे उलट्या बाजूनं वाचतो. फाईल उघडली असती तर दिसलं असतं. मी उघडलीच नाही, मेल टाकायला पळालो.

सावळाराम: हनुमंतरावांना कळलं न्हाई ना?

दानिश: नाही.

सावळाराम: मग झालं की. ती मंडळी कुठं नसरापूरला येनार हैत बघायला? सोमवारी मुलाखत दे, मंगळवारी कळव.

दानिश: खोटं बोलणार नाही, असं मेलमध्ये मीच लिहिलंय. पहिल्याच ओळीत.

सावळाराम: ते साधनाचं लिवलंस. तुझं न्हाई.

(पुढचा आठवडा. तोच प्रेस.)

सावळाराम: कळवलंस म्हनं.

दानिश: त्याच दिवशी. त्यांनी आभार मानले आणि साधन बाजूला ठेवलं.

सावळाराम: आनि मुलाखतीला रिकाम्या हातानं गेलास.

दानिश: चूक कशी झाली तेच सांगणार होतो. एसटीत पाठ करत गेलो.

सावळाराम: मग?

दानिश: भोरहून रोज वेळेवर येशील का, एवढं विचारलं. येईन म्हणालो. घेतलं.

सावळाराम: आनि ते लिनक्स?

दानिश: जाहिरात कुणाची तरी बघून छापली होती. त्यांच्याकडं लिनक्सचं एकही मशीन नाही.