दोघं येतो आमी

नाय नाय सायेब, एकटी नाय, दोघं येतो आमी – तो बघा, बंद शटरच्या पायरीवर बसलाय तो गणू, माझा घरवाला. भिंतच पाडायची ना? तेच तर आमचं काम हाय. नाक्यावर एवढी माणसं का उभी? काम कुठं रायलंय आता – टावर अर्धे टाकून गेले, क्रेन नुसतीच उभी हाय. घरंच कुणी घेत नाय बोलतात, मग बांधतील कशाला? ठेकेदार बोलला दिवाळीनंतर चालू होईल. दिवाळी गेली. मग बोलला होळीनंतर. आता फोनच उचलत नाय. वीटभट्टीवर गेलो, तर भाजलेल्या विटाच तशा पडून – शेठ बोलला, हायेत त्या कोण नेत नाय, नवीन पाडून काय करू? मग आमी परत इथं.

कितव्या माळ्यावर? आठव्या. बरं – लिफ्ट हाय ना? मग येईल तो. भिंत आतलीच ना, खिडकीकडची नाय? सहज विचारलं. आजारी नाय ओ, दारू पण नाय पीत. त्याचा भाऊ, बाळ्या – दोघं एकाच परांचीवर होते. काम बंद करायच्या आधी उरकायची घाई, माणसं कमी केलेली, खालची जाळी पण काढून नेलेली. बाळ्या गेला खाली. याच्या मुठीत त्याच्या सदऱ्याची बाही तेवढी रायली. तवापासून उंचावर गेला का खाली बसतो, भिंतीला पाठ लावून. पण हात चालतात त्याचे. मी खिडकीला चादर लावीन, घण पण मीच मारीन, तो नुसता डबर भरंल गोणीत – काय त्रास नाय तुमाला.

मी एकटी? नाय जमत सायेब. एकटा रायला का उठून त्या साईटवर जातो, बाळ्याला हाका मारतो, खाली ये, खाली ये. काल वॉचमननं ढकलून बाहेर काढला. आज त्या अर्ध्या जिन्यानं वर गेला तर मी कुणाला –

गाडी चालू केलीत. नाय, राग नाय. तुमच्या घरात पोरं असतील, कळतंय मला. जावा तुमी.

काय नाय रं गणू, बस तू. रोडपालीचा रस्ता विचारत होते.