वाकडं बोट

काय सांगू तुमाले, मी रावेरकडची, आमचे आबा केळी कापणाऱ्या टोळीत, आन् आम्ही बहिणी फण्या हातोहात झेलून ट्रकात चढवायचो, एखादी आपटली की केळं काळं पडतं, मंग आबाचं बोलणं खा, म्हणून काही अंगावर आलं की छातीशी धरायचं, ही सवयच लागली. शाळेत फुटबॉल आला तं सरांनी मलेच गोलात उभं केलं. बाकीच्या पोरी चेंडू पाहून तोंड फिरवायच्या ना.

मंग मोठ्या क्लबात घेतलं. गावात लोकं इचारतात, खेळायचा पगार मिळतो का? मिळतो बाप्पा. पण करार वर्षा-वर्षाचा, आन् गोलकीपरची जागा एकच, एक उभी तं दुसरी बाकावर. माझ्यामागं एक नवी पोरगी येऊन बसलेलीच व्हती, गुणी पोरगी, पण मी तिच्याशी धड बोलायची नही. भीती वाटायची तिची.

तं शेवटची मॅच. हारलो तं टीम खालच्या गटात जाणार, बरोबरी झाली तरी वाचणार. चेंडू उंच आला, कोच मॅडम ओरडताय मूठ मार, मूठ मार, पण माझे हात कुठं ऐकतात, ते गेले धरायले, चेंडू घेऊन मी खाली पडली, आन् समोरच्या पोरीचा बूट बोटावर. कडकन वाजलं, मलेच ऐकू आलं. डॉक्टरबाई पळत आली, म्हणे मूठ वळून दाखव. मी दुसऱ्या हाताची दाखवली. हातमोज्यात काय समजतं तिले? ती माझ्या तोंडाकडे पाहे, मी खाली पाहू, खरं सांगितलं तं बाकावरची पोरगी गोलात उभी राहणार. गेली बाप्पा एकदाची.

मंग बरोबरीच चालू, वेळ काही सरता सरेना, आन् शेवटाले आमच्यावर पेनल्टी. चेंडू नेमका दुखऱ्या हाताकडे. हात मागं घ्यावा वाटला, खोटं कशाले बोलू. नही घेतला. चेंडू त्याच हाताले लागून बाहीर गेला, साऱ्या पोरी अंगावर पडल्या, मी हंबरडा फोडला तं त्यायले वाटलं आनंदाचा.

टीम राहिली, मी नही राहिली. ऑपरेशन झालं तरी बोट सरळ होईना, माझी जागा त्या पोरीले गेली. तिचा फोन आला, ताई, रागावल्या का? नही गं, म्हटलं, आन् फोन ठेवून खूप रडली.

आता जळगावले मावशीकडे उतरली आहे. उद्या सकाळी दुसऱ्या क्लबाची ट्रायल, घेतलं तं खेळायचं, नही तं खेळ संपला समजा. आईचा सकाळपासून फोनवर फोन, म्हणे माय, देवाले हात जोडून जाय. जोडले. बाकीची बोटं जुळतात, ते एक वाकडंच राहतं. म्हटलं देवा, असाच घे नमस्कार. मले उद्या गोलात उभं राहू दे, आन् तिकडं माझ्या जागेवरच्या त्या पोरीची दाहीच्या दाही बोटं सरळ ठेव.