बावीस वर्षं पोसलेली माती

अहमदपूरच्या बसस्थानकावर रांग होती, बस नव्हती. माझ्यापुढे कृषी संशोधन केंद्रातले मजूर शेषेराव आणि त्यांच्या गावच्या साखराबाई उभ्या होत्या.

"आमचं केंद्र दुसऱ्यात विलीन केलं, मावशी. तपासणीच्या सायबानं आमची वाळलेली तूर बघितली आन् म्हणला, हे काय संशोधन?"

"खरंच की! पगार कशाचा घेता, तूर वाळवायचा?"

"हाव, वाळवायचाच! बावीस वर्सं त्या मातीत तूर उभी वाळवणारा मर रोग पोसला आम्ही. नवं वाण आधी तिथं पेरायचं. तिथं जगलं तरच तुमच्या रानात द्यायचं."

"आन् आता?"

"आता तिथं हापिस बांधून राहिले. मी पंधरा दिवस रजेवर होतो, तेवढ्यात वरची माती उचलली म्हणं. कुठं टाकली, कुणी सांगंना."

"काळीभोर होती का रे ती माती?"

"हाव. तुम्हाला काय ठाव?"

"फुकट वाटून राहिले होते. माझ्या पोरानं, रामलिंगानं, सहा ट्रॉल्या आणल्या रानात टाकायला."

"ढीग तसाच हाय न्हवं, मावशी? हाव म्हणा."

"काल पसरून वर रोटाव्हेटर मारला, बाबा. या बांधापासून त्या बांधापर्यंत."