शेंदऱ्याचा फोटो

दिपेश : तांडेलकाका, जरा बाजूला व्हा. काचेत मासा नाय, तुमची लुंगीच दिसते.

हरेश्वर : लुंगीला काय झालं? धुतलेली हाय.

दिपेश : धुतलेली हाय, पण फोटो माशाचा काढायचाय ना? काचेच्या पेटीचं असंच असतं. पडदे लावायचे, खोलीतली लाईट बंद, पेटीतली तेवढी चालू. फ्लॅश अजिबात नाय. मोबाईल काचेला असा चिकटवायचा, मग मागचं काय येत नाय. तुम्ही काढलेले दाखवा जरा.

हरेश्वर : हे घे. पंधरा ऐतवारचे पंधरा हायेत.

दिपेश : हे बोट. हा फ्लॅशचा गोळा. ही लुंगी. ही पण लुंगी, दुसरी. ह्यात शेपटी आहे वाटतं. काका, हे तुम्ही विनेशला पाठवता? जहाजावर?

हरेश्वर : दर ऐतवारी, पाचच्या आत. तवापर्यंतच त्याला नेट मिळतं. तो लिवतो, ‘शेंदऱ्या बरा हाय ना?’ मी लिवतो, ‘बरा हाय.’ मग तो अंगठा पाठवतो.

दिपेश : आणि?

हरेश्वर : आनि काय? मग पुढचा ऐतवार.

दिपेश : तुम्ही कसे आहात, जेवताय की नाय, असलं काय विचारत नाय?

हरेश्वर : कल्पिता गेल्यापासून न्हाय. त्याची बायको वारली आनि हा मुका झाला. दिवाळीनंतर जहाजावर निघाला, तवा दारात एवढंच बोलला, ‘बाबा, शेंदऱ्याला बघा.’ मासा तिचा ना.

दिपेश : मला आठवतंय. त्या लाँचला मी होतो. भाऊच्या धक्क्यापासून रेवसपर्यंत वहिनी मांडीवर पिशवी घेऊन बसलेली, पिशवीत हा एवढासा मासा. अख्खी लाँच हसत होती. कोळ्याची सून मुंबईहून मासा विकत आणते म्हणून.

हरेश्वर : मी पन हसलो. दारातच इचारलं, हा एक कोनाकोनाला पुरंल? दोन दिवस बोलली न्हाय माझ्याशी. पालीची पोर, बल्लाळेश्वराच्या शेंदरासारखा रंग म्हनून नाव शेंदऱ्या ठेवलं. चाळीस वर्सं मासं मारलं, नाव ठेवलेला हा पयलाच.

दिपेश : बरं, कुठाय तो? काशीदच्या रिसॉर्टवर नवरा-नवरीला वाळूत उभं करून आलोय मी. मघापासून बघतोय, नुसता दगड दिसतो.

हरेश्वर : दगडाच्या मागं असंल.

दिपेश : मागं नाय.

हरेश्वर : मग फ्रीजमधी असंल.

दिपेश : काय?

हरेश्वर : वरच्या कप्प्यात. बर्फात ठेवलाय. शुक्रवारी सकाळी उलटा तरंगत व्हता.

दिपेश : काका, तुम्ही मला फोनवर बोललात, मासा शांत आहे, फोटो चांगला येईल.

हरेश्वर : मग खोटं काय बोललो? थांब, आनतो. हा बघ. डोळा बघ कसा चकचकीत. कल्ला उघडून बघ, लाल हाय. बाजारात नेला तर कोन शिळा म्हननार न्हाय. मेलेला मासा ताजा ठेवायला मी बापाकडनं शिकलो, दिपेश. जिता ठेवायला मला कोनी शिकवलं न्हाय.

दिपेश : आता ह्याचा फोटो काढू मी?

हरेश्वर : जिता दिसंल असा काढ. शेजारच्या नूतनच्या हळदीच्या फोटोत तू तिचा आजा उभा केलास. सात वर्सं झाली व्हती त्याला जाऊन. वर हातात सरबताचा गिलास दिलास.

दिपेश : ते कॉम्प्युटरवर होतं. त्याला जिवंतपणीचा एक तरी बरा फोटो लागतो. तुमच्याकडे पंधरा लुंग्या आहेत.

हरेश्वर : मग दोरा बांधू. जाळ्याचा नायलॉन हाय. पान्यात माशाला दिसत न्हाय, जहाजावर विनेशला काय दिसनार?

(दोरा बांधून होतो. खोलीत पेटीतला निळसर दिवा तेवढा चालू आहे.)

दिपेश : थोडा वर घ्या. अजून. तोंड वर करा, नायतर झोपल्यासारखा वाटतो. आता दोरा हलवू नका. बस. आला. बघा.

हरेश्वर : आरं. पांढऱ्या पट्ट्याला कडंनं काळी रेघ हाय की. जशी काय कोनी काजळाच्या काडीनं वढलीय. मला म्हाईतच न्हवतं.

दिपेश : रोज बघत होता ना?

हरेश्वर : रोज हलायचा.

दिपेश : पाठवू? पावणेपाच झाले. एक मिनिट, काचेच्या वरच्या कडेला हे पांढरं काय साचलंय? जरा चाखतो. काका, मीठ आहे हे. पेटीत पाणी कुठलं घालता?

हरेश्वर : विनेश कॅन भरून ठेवून गेलेला, दुकानातलं फिल्टरचं पानी. पेटीतलं पानी दिवसाला अर्धं बोट उतरतं, तेवढं त्यातनं भरायचं. संक्रांतीला कॅन संपले. तवापासून मी पहाटं स्वता जाऊन दर्याचं आनतो. गुडघाभर आत जाऊन, निवळ बघून.

दिपेश : संक्रांतीपासून रोज?

हरेश्वर : एक दिवस चुकलो न्हाय. दर्याच्या माशाला गोडं पानी कशाला? ती पन गोडंच घालायची. मी म्हनलं, पोर डोंगराकडची, तिला दर्या काय म्हाईत. वाटायचं, येवढे दिवस मासा तिच्या पुण्याईनं जगला, आता जरा घरचं पानी पिऊ दे.

दिपेश : बसा तुम्ही.

हरेश्वर : बोल की. उभ्यानं ऐकू येतं मला.

दिपेश : माझ्या आजानं पेणकडच्या मिठागरात जन्म काढला. तिथं हेच करतात. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हानं उडवायचं, की परत वर खारं पाणी घ्यायचं. पाणी उडतं, मीठ उडत नाय. ते तिथंच राहतं आणि वाढत जातं. पेटीतलं पण तसंच. उडतं ते गोडं पाणी, म्हणून भरायचं ते गोडंच. तुम्ही हॉलमध्ये मिठागर लावलंत, काका.

हरेश्वर : म्हंजे ती बरोबर व्हती.

दिपेश : हो.

हरेश्वर : पालीची असून.

दिपेश : तुम्ही काय मुद्दाम केलंत? आणि आता विनेशला कळायचं कारण नाय. हा फोटो जाऊ दे. एवढा भारी फोटो त्याला वर्षभरात मिळाला नसेल.

हरेश्वर : आनि पुढच्या ऐतवारी?

दिपेश : ते तुम्ही बोलवायच्या आधी ठरवायचं होतं.

हरेश्वर : ठरवलं व्हतं. बर्फ बदलत ऱ्हायलो असतो तर शिमग्यापर्यंत ढकलला असता. त्याच्या पुढचं सुचत न्हवतं. मासा गेला असं सांगितलं, की तो इचारनार काय? आठवड्यातनं एकदा इचारतो तेच माशासाठी. घरात आता इचारन्यासारखं ऱ्हायलंय कोन?

दिपेश : म्हणून तर म्हणतो, पाठवू या.

हरेश्वर : न्हाय. मिठानं मारला आनि वर दोऱ्यानं नाचवला. असं मी बाजारातल्या माशाला पन केलं न्हाय. दोरा काप. अंगनात तिच्या तुळशीपाशी ठेवतो त्याला. आनि पडदा उघड.

दिपेश : उघडला. आता?

हरेश्वर : आता काढ फोटो.

दिपेश : कशाचा? पेटीत पाणी आणि दगड आहे. उजेडामुळे काचेत सगळे तुम्हीच दिसताय, डोक्यापासून लुंगीपर्यंत.

हरेश्वर : तोच काढ. खाली काय लिवू नको.

दिपेश : काय पण लिहायचं नाय?

हरेश्वर : त्याला दिसंल ना, मासा न्हाय ते. पाठव.

दिपेश : गेला. बघितला त्यानं. लिहितोय काहीतरी. थांबला. परत लिहितोय. परत थांबला.

हरेश्वर : लिवू दे. घाई न्हाय.

दिपेश : आला.

हरेश्वर : चष्मा आत हाय माझा. वाच.

दिपेश : ‘बाबा, दाढी किती वाढलीय. ताप आहे का?’

हरेश्वर : आनि माशाचं?

दिपेश : माशाचं काय नाय.

हरेश्वर : खाली बघ.

दिपेश : खाली पण नाय. एवढंच आहे.

हरेश्वर : लिव मग. ताप न्हाय. शेंदऱ्या शुक्रवारी गेला, माझ्या हातनं गेला. आनि दाढी उद्या करतो.