आकानिसीचे पत्रे

सकाळी नऊला आकानिसी मावशीनं छपराचे नवे पत्रे फिजीच्या डोंगरात जाणाऱ्या बसच्या टपावर चढवले. ड्रायव्हर सिकेली तिच्याच गावचा. मागच्या बाकावर नर्स ननीसे ऐकत होती.

सिकेली म्हणाला, “मावशी, आपल्या खोऱ्यात आजवर पत्रा शिरला नाही. पणजोबांपासून गवताचीच घरं.”

“वादळात छप्पर माझं उडालं. तुझं नाही.”

“मग शाकारू की सगळे मिळून. तुला काडी उचलावी लागणार नाही.”

“म्हणूनच. एकट्या बाईनं गावाला किती वेळा राबवायचं?”

“फुकट कुठे? कसावा खाऊ घालतेस. तोही अर्धा कच्चा.”

“गप रे.”

“आज येताना बघितलं. अख्खं गाव उतारावर तुझ्यासाठी गवत कापतंय.”

“मी कुणाला सांगितलं नव्हतं.”

“सांगावं लागतं होय?”

मावशीनं खिडकीतून मान बाहेर काढून टपाकडे बघितलं, पण पत्रे उतरवायला सांगितलं नाही. बस सुटली तेव्हा पत्रे टपावरच होते.