जवसाचे लाडू

मी मूळची कणकवलीकडची, लग्न होऊन घाटकोपरला आले ती ह्याच डोंगरावरच्या खोलीत, आणि तेव्हापासून लाडू वळतेय बघा. बाळंतिणीला हळिवाचे, थंडीत मेथीचे, डिंकाचे. सासू करायची, तिच्याच हाताखाली शिकले. आमचे हे रिक्षा चालवतात, मी लाडू विकते, असाच संसार झाला आमचा. काय सांगू ताई, हात दुखतात आता, पण दुसरं येतंय काय मला.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या पोटाची सोनोग्राफी केली, खडे असतील म्हणून, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या लिव्हरवर चरबी आहे, दारू घेता का. अहो, आयुष्यात थेंब नाय घेतला त्या माणसानं! असे भडकले, मीच गप्प केलं. मग त्या म्हणाल्या दारू न घेता पण होतं, बसून काम, गोड, तळलेलं, तर वजन उतरवा, चाला, आणि जेवणात चमचाभर जवस घ्या, तेवढीच मदत. आता तुम्हीच सांगा, आमच्याकडे औषधाची बी म्हटली की तिचा लाडूच होतो ना? हळीव कोणी कोरडे खातं का? मी जवस भाजले, कुटले, गूळ घातला, साजूक तूप घातलं, सढळ हातानं घातलं, नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न, हात कशाला आखडू. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, वर रिक्षावर जाताना डब्यात दोन. शेजारच्या बायका पण न्यायला लागल्या, हल्ली घरोघरी तेच दुखणं ना.

वर्षानं परत तपासलं तर चरबी वाढलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या काय काय खाता, खरं सांगा. तर हे केवढ्या कौतुकानं सांगतायत, मॅडम, वडापाव सोडला, चहात साखर नाय, फक्त हिच्या हातचे जवसाचे लाडू, एक दिवस चुकवला नाय. त्या माझ्याकडे वळल्या, लाडवात काय घालता हो. मी म्हटलं गूळ. किती? मी ओंजळ करून दाखवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग ज्या बायका न्यायच्या त्यांच्या दारात जाऊन सांगितलं, बाई, लिव्हरसाठी म्हणून नका देऊ हे. एक तर तोंडावर म्हणाली, मग वर्षभर काय खायला घातलंस आम्हाला? बरोबरच आहे तिचं. त्या दिवसापासून ती लाडू नेत नाय.

आता जवस नुसतेच भाजते, कुटते, चमचाभर ताकात घालते. हे रोज डोंगर उतरून चालायला जातात. डॉक्टरीणबाई म्हणतात उतरेल, पण वेळ लागेल, धीर धरा. देव करो नि उतरो, तुमच्या घरी पण सगळी बरी राहोत. पण ताई, तो ताकाचा पेला समोर ठेवते ना, हे निमूट पितात, पेला विसळून पालथा घालतात. तुझ्यामुळे झालं असं एका शब्दानं बोलले नायत अजून. एकदा कडाकडा भांडले असते ना, तर बरं वाटलं असतं मला.