ढवळीनं शाळा चाटली

रामकृष्णहरी! टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. मृदंगवाले अण्णा, तुम्हीही बोटं मोकळी करा. वाजवायचं काम झालं, आता ऐकायचं!

एक प्रश्न विचारतो. सोपा आहे, घाबरू नका. हट्टी लेकरू चांगलं, का गुणी लेकरू चांगलं?

गुणी! — बघा, कसे एका सुरात बोललात! अभंगाला लागत नाही हो एवढा सूर! गुणी म्हणजे काय? बस म्हटलं की बसतं, नको म्हटलं की गप्प राहतं. बरं. मग आता एका महाहट्टी पोरीची गोष्ट ऐका. शेवटी परत विचारीन, तेव्हा उत्तर सांभाळून द्या!

माणदेशाकडची एक वस्ती. नाव सांगत नाही, तिथले पाहुणे इथंच कुठंतरी पान मांडायची वाट बघत बसलेले असायचे! तर तिथं एक धनगराचं घर. बाप धुळाप्पा — घोंगडी विणायचा. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला की दिवस मावळेपर्यंत उठायचा नाही. आई कोंडाबाई लोकांच्या रानात खुरपायला जायची. आणि लेक एकच — चांगुणा. वय विचाराल? दुधाचे दात पडले होते, अक्कलदाढ यायची होती. अक्कल मात्र आधीच येऊन बसली होती!

दोघं कामाला गुंतलेले. मग मेंढरं कोण राखणार? चांगुणा! माळाच्या कडेला शाळा. पाढ्यांचा आवाज वाऱ्यावर यायचा. ही काठी टेकून म्हणायची, "बे एके..." आणि मागनं अख्खा कळप — "बेंऽऽ!" हसू नका. मेंढरांना अर्धा पाढा जन्मतःच येतो, आपल्यालाच घोकावा लागतो!

एक दिवस ती मागापाशी जाऊन उभी राहिली. "आबा, मला साळंत जायचंय."

"मग मेंढरं काय गुरुजी राखणार?"

"आबा, मला साळंत जायचंय."

"येकदा सांगितलं न्हवं!"

सकाळी तेच, भाकरी थापताना तेच, आबा विडी पेटवायला लागला की तेच! भुंगाच तो! शेवटी धुळाप्पाचं डोकं फिरलं. उठला, बिरोबाच्या देव्हाऱ्यातला भंडारा घेतला, कपाळाला फासला आणि गरजला — "आता ऐक! मेंढरं काठीबिगर, हाकेबिगर, आपल्या मनानं साळंच्या वक्ताला एका जागी थांबली, तर तू साळंत जा. मी आडवा आलो तर बिरोबाचा न्हाई!"

आणि हसला हो! का हसला? मेंढरू कधी एका जागी थांबतं का? तोंड वळेल तिकडं जाणारी जात ती! त्याला वाटलं, कटकट मिटली. पण मंडळी, चूक तिथंच झाली! धनगरानं भंडारा उचलून बोललेला शब्द! स्टँप पेपरला वकील पळवाट काढतो, कोर्ट तारीख देतं. भंडाऱ्याला ना वकील, ना तारीख! आणि रागात शपथ घेऊ नये एवढं तर आमच्या मृदंगवाल्यांनाही कळतं. अण्णा दर सोमवारी तंबाखू सोडतात, पण कधी शपथ घेत नाहीत!

पोरीनं काही रडारड केली नाही. मेंढरांवर नजर ठेवून राहिली. एकदा माळावरून परतताना कळप शाळेच्या पाठीमागनं आला. कळपाची म्होरकी होती ढवळी, मोठी खट मेंढी. ती थांबली. भिंत हुंगली. आणि लागली की चाटायला! एकीनं केलं की सगळ्यांनी करायचं, हा मेंढरांचा धर्म. तुम्हाला वेगळं सांगायला नको, निवडणूक नुकतीच झालीये! सगळा कळप भिंतीला चिकटला.

काय होतं भिंतीला? लोणा! जुन्या मातीच्या भिंतीला ओल चढली की पांढरं पीठ फुटतं ना, तो. खारट लागतो. कुणी कुणी चाखलाय? अहो माई, लाजता काय, मीही चाटलाय! आणि मेंढराला मीठ म्हणजे तुम्हा-आम्हाला काल्याचा प्रसाद. पंगत उठल्याशिवाय जागचा कोण हलतो?

चांगुणाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसऱ्या दिवसापासून पहाटेच मेंढरं चारून आणायची, घंटा झाली की भिंतीला लावायची. ती चाटायची, ऊन चढलं की त्याच भिंतीच्या सावलीला एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी खुपसून रवंथ करायची. आणि ही आत, दाराशी पाटी घेऊन! डांगे गुरुजी काय म्हणाले? काही नाही. पटावर एक पोर वाढलं. नाकाला रुमाल लावायचे आणि शिकवायचे!

बातमी बापाला पोचलीच. "धुळाप्पा, तुझी मेंढरं साळंत नाव घालून बसलीत!" तो तरातरा आला. बघतो तर काठी भिंतीला टेकलेली, राखायला कुणी नाही, आणि मेंढरं जागची हलत नाहीत! त्यानं हाक दिली — "हुर्रऽऽ हेऽऽ!" ढवळीनं मान वळवली, त्याच्याकडं बघितलं, आणि परत चाटायला लागली. ज्याच्या हाकेवर डोंगर उतरायची, ती मेंढरं! आज मिठाला जागली! खिडकीतून चांगुणा नुसती बघत होती. धुळाप्पानं कपाळ चोळलं आणि गुमान मागावर जाऊन बसला.

झालं? एवढ्यात कसं होईल! आपल्यातल्या कुणाचं चांगलं चाललं की भिंत पडतेच!

एक दिवस गुरुजी फळ्यावर हिशेब घालत होते. मागनं माती पडल्याचा आवाज आला. पोरं वळून बघतात तर भिंतीतून ढवळीचं मुंडकं वर्गात! तोंडाला माती, जीभ बाहेर. गुरुजी म्हणाले, "कोण ते उशिरा येणारं?" पोरांनी जो काय दंगा केला!

गाव गोळा झालं. सरपंच म्हणाले, "साळा खाल्ली रं मेंढरांनी! धुळाप्पा, भिंत तू घालून द्यायची!" लोणा लागून भिंत कधीची पोखरली होती. दर पावसाळ्यात गाव म्हणायचं, बांधू, बांधू. पण बोट कुणाकडं? गरिबाच्या मेंढराकडं! धुळाप्पा भांडला नाही. उलट म्हणाला, "घालतो की!"

का म्हणाला, सांगा? अहो, नवी भिंत! नव्या मातीला लोणा कुठला? ते तो पोरीला म्हणालाही, "वर्सं जात्यात लोणा धरायला. आता मेंढरं थांबायची न्हाईत. मी नको म्हनत न्हाई हां, बिरोबाचा बोल हाय!" त्या दिवशी चांगुणा पहिल्यांदा रडली. घोंगड्यात तोंड खुपसून रडली. भूक कशाची लागते माणसाला! भाकरी समोर होती, तिनं हात लावला नाही.

धुळाप्पानं माती कालवली. एका बाजूनं भिंत चढवत आणली. भगदाड होतं तेवढंच राहिलं. पाडलेल्या मातीचा ढीग उचलायचा होता, मेंढरं तोच चाटत होती, म्हणून पोरगी अजून वर्गात. आत गुरुजी म्हणाले, "चांगुणा, वाच." धडा होता हरवलेल्या वासराचा. पोरगी वाचायला लागली. वासरू चुकलं, रान अंधारलं, म्हातारी हाका मारत निघाली... कुठं अडखळली नाही. बाहेर धुळाप्पाच्या हातात मातीचा गोळा तसाच. त्याच्या घराण्यात कागदावरचं कुणी कधी वाचलंच नव्हतं. कागद दिसला की अंगठा पुढं करायचा! आणि त्याची पोर कागदातून वासरू काढून दाखवत होती. पण तेवढ्यात घंटा झाली, पुस्तक मिटलं.

भगदाडातून मुंडकं आत आलं. ढवळीचं नाही, धुळाप्पाचं! "आगं, पन वासरू घावलं का?"

वर्ग फुटला हसून. चांगुणा हसली नाही. म्हणाली, "ते उद्याच्या वाचनात. पन उद्या भिंत पुरी व्हनार न्हवं, आबा?"

आता बाप अडकला! शब्द मागं घ्यावा तर भंडारा आडवा. पाळावा तर पोरगी माळावर आणि वासरू रानात! मंडळी, तुम्ही काय केलं असतं? नका सांगू, माहीत आहे. "माझ्या हातात काय आहे" म्हणाला असतात!

संध्याकाळी जेवायला बसले. कोंडाबाईनं घास तोंडात घातला आणि ओरडली, "आमटी अळणी! मिठाचं गाडगं कुनी रिकामं केलं?"

धुळाप्पा म्हणाला, "चांगली लागतीया की."

"चांगली? शेजारनीकडचं उसनं मीठ बी तुम्हीच न्हेलंत!"

"जेव गप." आणि मान खाली घालून ती अळणी आमटी त्यानं वरपून वरपून संपवली.

सकाळी चांगुणा कळप घेऊन आली. भिंत उभी, कोरी, गुळगुळीत. ढवळी पुढं गेली. हुंगली. थांबली. आणि लागली की चाटायला! पोरगी जवळ गेली. इकडं तिकडं बघितलं, आणि मंडळी, शाळेत शिकणारी ती पोरगी, तिनं भिंतीला जीभ लावली! खारट! खडेमीठ कालवलेला गिलावा!

धुळाप्पा लांब उभा, विडी ओढत. म्हणाला, "मी काय करणार? बिरोबाची मर्जी!"

घंटा झाली. पोरगी आत पळाली. आणि वासरू? घावलं, मंडळी, घावलं! बाप खिडकीखाली बसून ऐकत होता, मेंढरांच्या रांगेत.

आता सांगा, हट्टी लेकरू चांगलं का गुणी? ... का हो, आता का गप्प? पोरगी हट्टी म्हणून बाप शहाणा झाला! बोल मोडला नाही, देव दुखावला नाही, नुसतं घरचं मीठ पोरीच्या वाटेत टाकलं. एक दिवस अळणी खाल्लं, एवढंच!

आता तुमच्याकडं वळतो. पळू नका, प्रसादाला वेळ आहे. भर दुपारचं काल्याचं कीर्तन. पुढं बायका बसल्यात, मागं बाप्ये बसलेत, आणि हे पोरगे खांबाला लटकलेत. पोरी दिसत नाहीत. परवा तुमच्या शाळेत डोकावलो, तिथंही मागची बाकडी रिकामीच. अहो तात्या, तुमची नात कुठाय? माई, तुमची धाकटी?

बोला की! तुम्ही सगळे इथं हरिनाम घ्यायला आलात, मग घरी तान्हं कोण धरून बसलंय? शेरडं कुणाच्या जिवावर सोडून आलात?

नको, टाळ उचलू नका, अण्णा. उठा एकेक जण. घरी जा, लेकीच्या कडेवरचं पोर तुम्ही घ्या आणि तिला इथं पुढं आणून बसवा. उद्या तिचाच हात धरून शाळेच्या दारात नेऊन सोडायचं. देव थांबलाय, प्रसाद थांबलाय, मीही थांबलोय. त्या आल्याशिवाय दहीहंडी फुटायची नाही.